पडीक म्हणून नोंदलेली जमीन

निजामी अमलातल्या महसुली दप्तरांतून बीदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांची गावे चाळताना काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. गायरान, परमपोक, खारीज खाता, पडीक. गायरान म्हणजे गावच्या जनावरांचे चरण्याचे रान, परमपोक म्हणजे लागवडीला अयोग्य ठरवून आकारणीतून वगळलेली जमीन, आणि खारीज खाता म्हणजे कुणाच्याच नावे खाते नसलेली, सरकारच्या हाती उरलेली जमीन. या चारही शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्या जमिनीवर प्रत्यक्षात काय होते हे सांगण्याऐवजी त्या जमिनीवर सारा बसत नाही, एवढेच ते सांगतात. शेळ्यामेंढ्या, काळवीट, गवत कापून विकणाऱ्या बाया, पाणकणीस, मोहळ, शाकारणीचे गवत, यांपैकी कशालाही महसुली दप्तरात रकाना नव्हता. सारा न देणारी जमीन ती रिकामी जमीन, हा समज तिथूनच आपल्या कारभारात आला आणि पुढे विद्यापीठांसाठी, छावण्यांसाठी, वसाहतींसाठी जागा शोधण्याची वेळ आली तेव्हा बोट प्रथम याच जमिनींकडे वळू लागले.

विद्यापीठाने जमीन बाळगणे ही मात्र या भागातली नवी गोष्ट नव्हे. गुलबर्गा जिल्ह्यात चितापूरच्या जवळ नागावी नावाचे ठिकाण आहे. साठ खांबांचे देऊळ म्हणून तिथली वास्तू लोकांना ठाऊक आहे. तिथल्या शिलालेखांचा संग्रह हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९२८ साली प्रसिद्ध केला. त्यांतला इ. स. १०५८ चा लेख कल्याणीच्या चालुक्यांपैकी पहिल्या सोमेश्वराच्या काळातला असून त्याच्या मधुसूदन नावाच्या दंडनायकाने तिथे घटिकास्थान, म्हणजे उच्च विद्येचे पीठ, चालते केल्याची हकीकत त्यात आहे. वेदाध्ययन करणारे दोनशे विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे पन्नासएक, दोन्ही विषयांचे प्रत्येकी तीन अध्यापक आणि सहा सरस्वतीभांडारी. सरस्वतीभांडारी म्हणजे ग्रंथपाल. या सर्वांच्या निर्वाहासाठी जमीन तोडून दिली होती आणि तिचे माप 'मत्तर' या एककात लिहून ठेवले होते. ग्रंथपालालाही अध्यापकाप्रमाणे जमीन मिळत असे, ही गोष्ट आमच्या ग्रंथालय चळवळीतल्या मित्रांना आम्ही आवर्जून सांगतो. त्या काळच्या विद्यापीठाला नियमित रोख अनुदान नव्हते. जमीन हेच अनुदान होते, पाऊस पडला तर अभ्यासक्रम चालणार होता.

याच राजवटीच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' लिहिली. हिंदू वारसाहक्काच्या कायद्यात तिचे स्थान काय हे सांगण्याची जरुरी नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यातला एक दुर्लक्षित भाग, जनावरांचा मालक आणि गुराखी यांच्यातल्या तंट्याचा. स्मृतीचा दंडक असा आहे की गावाच्या इच्छेने किंवा राजाच्या आज्ञेने गाईंच्या चराईसाठी जमीन राखावी. गाव आणि शेते यांच्या मध्ये शंभर धनुष्ये जागा सोडावी, मोठ्या गावाभोवती दोनशे, नगराभोवती चारशे. एक धनुष्य म्हणजे चार हात धरले तर खेड्याभोवतीचा हा पट्टा सहाशे फुटांचा होतो. स्मृती कुठे रचली गेली हा प्रश्न निराळा. परंतु तिच्यावर भाष्य लिहिणारा माणूस कल्याणीत बसला होता आणि त्याच्या भोवती जी गावे होती त्यांना हा नियम लागू होत होता. चराईचे रान ही उरलेली जमीन नसून आधी राखून ठेवायची जमीन आहे, हा विचार नऊशे वर्षांपूर्वी इथल्या न्यायशास्त्रात मान्य होता. आमच्या मते सर्व पुढच्या कथेची कसोटी हाच विचार आहे.

आता जमिनीकडेच पाहू. बीदर शहर ज्या पठारावर उभे आहे त्याच्या माथ्यावर जांभा दगड आहे आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. किल्ल्याचा खंदक याच जांभ्यात खोदलेला. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि काळ्या पाषाणाशी येऊन अडते. म्हणून पठाराच्या कडांना झरे फुटतात आणि म्हणूनच नौबादजवळ बहमनी काळात भूमिगत कालवा, कारेज, खोदणे शक्य झाले. पठारावरची माती तांबडी, हलकी, वीतभर खोलीची. तिच्यावर पावसाळ्यात गवत माजते आणि उन्हाळ्यात ते सोन्यासारखे वाळते. धान्य मात्र फारसे येत नाही. उतारावरून मांजरा आणि कारंजा यांच्या खोऱ्यांत उतरले की काळी कसदार जमीन लागते आणि तिथे ज्वारी, हरभरा, तूर, उडीद. पश्चिमेला आळंदकडे गेले की काळी आणि माळ यांची अशीच आलटून पालटून वीण दिसते. दक्षिणेला चितापूर, सेडम या बाजूला खडकच बदलतो, तिथे चुनखडी लागते. मराठवाड्यातल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे ती त्याच पट्ट्यातली. थोडक्यात, काळी पिकवायची आणि माळ चारायचा, ही वाटणी कोणा राजाने केलेली नाही. ती खडकाने केलेली आहे, आणि तिच्याशी भांडून कुणाला फारसे यश आलेले नाही.

बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली त्यामागे हवापाण्याचे कारण सांगितले जाते. परंतु घोडदळावर चालणाऱ्या राज्याला पाण्याइतकेच गवतही लागते. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला आणि अखेर निकितिन बीदरला पोचला. त्याच्या प्रवासवर्णनात एका जत्रेचा उल्लेख आहे. ती वर्षातून एकदा भरे, दहा दिवस चाले, आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येत. अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आळंद असे मानतात. वीस हजारांचा आकडा सढळ असेल. व्यापारी आणि प्रवासी दोघेही आकड्यांच्या बाबतीत उदार असतात, आणि निकितिन दोन्ही होता. तरी त्याच्या निम्म्याने घोडे धरले तरी दहा दिवस त्यांना चारा कुठून आला, हा प्रश्न उरतोच. घोड्यांना कडधान्य आणि खिचडी चारतात असे तो नोंदवतो. कडधान्य काळीतून आले आणि गवत माळावरून. आणखी एक बारीक नोंद त्याने केली आहे ती अशी की या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात. म्हणजे घोडा हा पाहुणा होता आणि बैल घरचा.

त्याच वर्षांत महमूद गवानने बीदरला मदरसा बांधला, १४७२ साली. त्याची भग्न निळी फरसबंदी आजही माणसाला थांबवते. गवान जमिनीच्या कारभारातही मोठा सुधारक होता. त्याने जमिनीची मोजणी करवली, चार तर्फांच्या आठ तर्फा केल्या आणि प्रत्येक तर्फेतली काही गावे सुभेदाराच्या हातून काढून थेट सुलतानाच्या खालशात आणली. आपल्या मराठी परंपरेत बीदरची आठवण मात्र मदरशाने किंवा मोजणीने राहिली नाही. ती राहिली दामाजीपंताने. मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लुटवणाऱ्या दामाजीपंतासाठी विठू महाराचे रूप घेऊन विठोबा बीदरच्या दरबारात रक्कम भरायला गेला, ही कथा कीर्तनांतून घरोघर गेली. इतिहास म्हणून तिची छाननी करण्याचे हे स्थळ नव्हे. पण एक लक्षात घ्यावे. बीदर म्हणजे धान्य जिथे जमा होते आणि जिथून ते परत येत नाही ते ठिकाण, अशी प्रतिमा त्या कथेत आहे.

निजामी काळाविषयी थोडक्यात सांगतो. बीदर जिल्ह्याचा फार मोठा भाग पायगा आणि जहागिरींत वाटला गेला होता. कल्याणीला तर स्वतंत्र नवाब होते. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ नंतर, महसुलाची पद्धत बदलू लागली आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी व जमाबंदी सुरू झाली. पण ती खालशात. जहागिरीत जहागीरदाराचा कारभारी म्हणेल ती रीत. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी माणसांइतकीच जनावरे मारली. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरातल्या बैलांची नावे सांगताना 'छप्पन्नच्या आधीचे' आणि 'नंतरचे' असा भेद केला जाई, हे आम्ही स्वतः ऐकलेले आहे.

मग १९४८ आले. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर या भागात जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे तिने नोंदवले. घरे आणि जमिनी बळकावल्या गेल्याचाही उल्लेख तिच्या अहवालात आहे. तो अहवाल जनतेला वाचायला मिळायला २०१३ उजाडले. रझाकारांच्या अत्याचारांविषयी आपण पुष्कळ लिहिले, आणि ते लिहिणे रास्तच होते. परंतु जमिनीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्यापुढची ही काही महिन्यांची पाने वगळता येणार नाहीत. कारण आजच्या कित्येक खात्यांचा आरंभ तिथे आहे. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि संतपूर म्हैसूरकडे गेले, अहमदपूर, निलंगा आणि उदगीर मुंबई राज्यात आले, नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात. भाषेच्या दृष्टीने यात किती मराठी माणसे पलीकडे राहिली हा वाद आपल्याकडे सात दशके चालू आहे. या वाटणीत एक जनावरही फाळले गेले, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी आले नाही.

ते जनावर म्हणजे देवणी. उदगीर तालुक्यातल्या, आता स्वतंत्र तालुका झालेल्या देवणी गावावरून तिला हे नाव पडले. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून सुमारे दोन शतकांत ही जात घडली असे पशुशास्त्रज्ञ मानतात. अंगाने पांढरी, त्यावर काळे. तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर ती वानेरा, अंगावर काळे ठिपके विखुरले असतील तर शेवरा, आणि जवळजवळ सर्वांगी पांढरी ती बालंक्या. शेतकऱ्याला तिचे मोल दुहेरी. बैल काळ्या रानात नांगराला टिकतो आणि गाय घरापुरते दूध सोडते. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची यात्रा ही तिच्या खरेदीविक्रीची जुनी ठिकाणे. तिथे गिऱ्हाईक भालकी-औरादकडून येई आणि उदगीर-अहमदपूरकडूनही. १९५६ नंतर बाजार तेच राहिले, पण पैदास, लसीकरण, वळू-केंद्रे आणि संशोधन यांची खाती दोन झाली. जातीचे नाव महाराष्ट्रातल्या गावाचे आणि तिचे निम्मे रान कर्नाटकात.

देवणीची गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो आहोत, कारण विद्यापीठाची जमीन कशाला लागते याचे उत्तर तिच्यात आहे. ट्रॅक्टर आला, बैलाची गरज घटली. दुधाच्या संकलनाने संकरित गाय आणली. माळ फुटले, तिथे ऊस नाही तरी सोयाबीन आले. १९९० नंतर सोयाबीनने या पट्ट्यातले मूग-उडदाचे आणि ज्वारीचे रान कसे गिळले ते आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला आणि सोयाबीनचे भुसकट काही कडब्याची जागा घेत नाही. अशा स्थितीत एखादी जात टिकवायची तर ज्याला उद्याच्या बाजाराची चिंता नाही असा मालक हवा. बीदरला १९८० च्या दशकात पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि २००४ च्या कायद्याने त्याच शहरात कर्नाटक पशुवैद्यक, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. त्या विद्यापीठाने देवणीच्या कळपांसाठी पशुधन संशोधन व माहिती केंद्र चालवले. हळ्ळीखेड आणि भालकी तालुक्यातले कट्टी तुगाव ही नावे त्या संदर्भात शास्त्रीय लेखांतून वारंवार येतात. सीमेच्या अलीकडे उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय तेच काम करते. दोन राज्यांची दोन विद्यापीठे एका फुटलेल्या जिल्ह्याच्या एका जनावराकडे पाहत आहेत.

विद्यापीठांकडे या दोन जिल्ह्यांत जमीन किती आहे? गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्थापन झाले; त्याआधी दहा वर्षे तिथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. त्याचे ज्ञानगंगा हे आवार ८६० एकरांचे. २००९ च्या संसदीय कायद्याने निघालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आरंभी गुलबर्गा विद्यापीठाच्याच आश्रयाला होते, नंतर आळंद रस्त्यावरच्या कडगंचीला गेले. ते आवार ६५४ एकरांचे. म्हणजे निकितिनच्या घोड्यांची जत्रा जिथे भरे त्या आळंदकडे जाणाऱ्या वाटेवरच आज एक केंद्रीय विद्यापीठ आहे. याखेरीज कृषी संशोधनाची केंद्रे. गुलबर्ग्याचे केंद्र आधी बंगळूरच्या, १९८६ नंतर धारवाडच्या आणि २००८-०९ नंतर रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या हाताखाली गेले. पाटी बदलत गेली, माती तीच.

त्या मातीत काय घडले त्याचा एक प्रसंग. तुरीला मर रोग लागतो. जमिनीतली बुरशी मुळांतून शिरते आणि ऐन फुलोऱ्यात झाड वाळते. गुलबर्गा हा तुरीचा जिल्हा. शेजारचे लातूर, उस्मानाबाद, सोलापूर तसेच. मर लागलेले रान शेतकरी दोन-तीन वर्षे दुसऱ्या पिकाखाली ठेवतो. यापलीकडे त्याच्या हाती उपाय नव्हता. संशोधन केंद्रात नेमके उलटे करतात. एक तुकडा निवडून त्यात वर्षानुवर्षे तूरच पेरायची, मेलेली झाडे उपटून टाकण्याऐवजी तोडून त्याच मातीत मिसळायची. काही हंगामांत ती जमीन रोगाने इतकी भरून जाते की साधी तूर तिथे उभीच राहत नाही. मग त्या आजारी रानात शेकडो वाण पेरायचे आणि जे झाड जगेल त्याचे बी घ्यायचे. पटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत आणि गुलबर्ग्याच्या केंद्रात झालेल्या या कामातून 'मारुती' हा वाण निघाला आणि १९८५ साली कर्नाटकात प्रसारित झाला. त्याचा मूळ वाण महाराष्ट्रातला होता, गावरान. १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या पाहणीत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तुरीच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर तो पसरलेला आढळला. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा सत्कार झाले, भाषणे झाली; त्या आजारी तुकड्याची आठवण कुणी काढल्याचे आमच्या वाचनात आले नाही. जाणूनबुजून जमीन आजारी ठेवणे हा जमिनीचा उपयोगच होय, पण तो करण्याची ऐपत कुठल्याही शेतकऱ्यात नाही. महसुली भाषेत त्या तुकड्याला काय म्हणावे? उत्पन्न शून्य. म्हणजे पडीकच.

पटणचेरूचा उल्लेख आलाच आहे तर त्या आवाराविषयीही बोलले पाहिजे. सोलापूर-हुमनाबाद-हैदराबाद रस्त्यावर १९७२ साली इक्रिसॅट निघाली. सुमारे चौदाशे हेक्टरांची ती जागा निवडली गेली याचे एक कारण असे की तिथे तांबडी आणि काळी या दोन्ही माती एकाच कुंपणात होत्या; बीदरच्या पठारावर आणि उतारावर जे दिसते तेच तिथे. त्यासाठी तिथली वस्ती हलवावी लागली. पुढे पन्नास वर्षांत त्या आवारातली तळी, बांध, पेरणीबाहेर ठेवलेले पट्टे आणि गवताचे तुकडे यांत पक्षिनिरीक्षकांनी अडीचशेहून अधिक जाती नोंदवल्या. म्हणजे शेतीसंशोधनासाठी घेतलेले रान, कुणी न ठरवता, अभयारण्य होऊन बसले. हा योगायोग आहे, आणि त्याचे श्रेय कुणी घेऊ नये. पण तो सर्वत्र घडू शकतो. कुंपण घातले, चराई थांबली, नांगर थांबला, की तीन-चार पावसाळ्यांत कुसळीच्या जागी मारवेल आणि पवन्या डोके वर काढतात. गवत आले की चंडोल येतात, तित्तिर येतात, आणि बीदरच्या माळावर काळविटाला फार आमंत्रण लागत नाही.

याउलट, ज्या रानाला नाव देऊन राखले त्याची कथा ऐकावी. आळंदच्या सीमेपलीकडे सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होते. त्यात तालुकेच्या तालुके आले, माणसांच्या घरांना विटा लावायलाही परवानगी लागू लागली, आणि लोक माळढोकाला शत्रू मानू लागले. पुढे ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणले गेले. तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. आज तिथे एक पक्षी दिसणे ही वर्तमानपत्राची बातमी असते. गुलबर्गा जिल्ह्यातच चिंचोलीला २०११ मध्ये अभयारण्य झाले, सुमारे १३५ चौरस किलोमीटरांचे. पण ते जंगल म्हणून, माळ म्हणून नव्हे. माळ राखण्याची भाषाच आपल्या कायद्याला अजून नीटशी अवगत नाही.

उलट माळ सुधारण्याची भाषा फार बळकट आहे. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० साली उपग्रहांच्या चित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला आणि त्यात चराऊ कुरणांची गणना पडीक जमिनीच्या एका प्रकारात झाली. निजामाच्या तलाठ्याने जो शब्द वापरला तोच आता उपग्रह वापरू लागला, एवढाच फरक. सुधारणा म्हणजे वृक्षारोपण. नीलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प. माळावर खड्डे घेऊन ही झाडे लावली की छायाचित्र चांगले येते. शिक्षणसंस्थांची आवारेही यातून सुटली नाहीत. एका संस्थेच्या मोठ्या आवारात काही वर्षांपूर्वी आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता पर्यावरण दिनाचा समारंभ चालू होता. ज्या तुकड्यावर रोपे लावायची तो आधी यंत्राने साफ केला होता. साफ केले होते ते कमरेइतके पवन्याचे गवत. आम्हालाही एक रोप लावावयास दिले. आम्ही ते लावले, याची लाज आजही वाटते.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग सर्व गायरानांना कुंपण घालावे आणि विद्यापीठांच्या हवाली करावे. आमचे म्हणणे तसे नाही, आणि मराठवाड्याच्या इतिहासाची ओळख असलेल्या माणसाला तसे म्हणताही येणार नाही. गायरान म्हणजे केवळ गवत नव्हे. ज्याच्या बापजाद्यांच्या नावे कधी खाते नव्हते त्याला कसायला मिळू शकणारी ती एकच जमीन होती. हैदराबाद संस्थानात भूमिहीनांना सरकारी जमीन देण्याचे लावणी नियम होते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली जे भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले त्यांच्या मागण्यांच्या मुळाशी पडीक आणि गायरान जमीन होती. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायराने कसली, त्यापायी मार खाल्ला, पिके जाळली गेलेली पाहिली, आणि १९७८ व १९९१ च्या शासननिर्णयांनी त्यांपैकी काहींची अतिक्रमणे नियमित झाली. २०११ च्या जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. भूमिहीनांना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात होता, पण गावपातळीवर अपवाद वाचला जातोच असे नाही. दोन एकर गायरानावर ज्वारी काढणारी बाई आणि आठशे एकरांवर इमारती बांधणारी संस्था यांना 'अतिक्रमण' आणि 'विकास' असे वेगवेगळे शब्द लागतात. गवताच्या बाजूने पाहिले तर दोघींनीही माळ फोडला. न्यायाच्या बाजूने पाहिले तर दोघींना एका तराजूत घालणे अशक्य आहे. या दोन बाजूंचा मेळ कसा घालावा हे आम्हास अजून नीट सुचलेले नाही.

तिसरी बाजू धनगराची. तो जमीन मागत नाही, वाट मागतो. पाऊस संपला की मेंढरांचे कळप माळावरून काळीकडे सरकतात. सुगी झालेल्या रानात शेतकरी मेंढरे बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. काळी आणि माळ यांना जोडणारा हा दुवा. सोयाबीनपाठोपाठ लगेच हरभरा पेरला जाऊ लागला तेव्हा मेंढरे बसायला रान मोकळे राहिले नाही, आणि माळाला कुंपणे आली तेव्हा जायला माळ राहिला नाही. विज्ञानेश्वराच्या ग्रंथात जो गुराखी आणि मालक यांचा तंटा आहे त्यात निदान गुराख्याला पक्षकार मानलेले आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही आळंदहून गुलबर्ग्याकडे येत होतो. तुरी फुलावर होत्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळे रान. मध्येच एक लांबलचक तारेचे कुंपण लागले. ते कुणाचे होते ते सांगण्याचे कारण नाही. कुंपणाच्या आत गवत पिकून पांढुरके झालेले, बाहेर जमीन खरवडल्यासारखी. बाहेर दीड-दोनशे मेंढरे आणि खांद्यावर घोंगडी घेतलेला एक वयस्क धनगर. आम्ही गाडी थांबवली. तो आमच्याशी मराठीत बोलला आणि मेंढरांशी कानडीत. आत काळवीट येतात का, असे आम्ही विचारले.

"येतात की. रात्रीला येतात, त्यांना तार कळत न्हाई," तो म्हणाला.

मग तोच विचारू लागला. आत ते गवत कापतात का, की जाळतात? कापत असतील तर कधी, आणि विकतात का? आम्ही शिकलेले दिसत होतो आणि गाडीतून आलो होतो, तेव्हा आत कुणाला तरी ओळखत असू असा त्याचा समज झाला असावा. आम्ही ओळखत नव्हतो. त्याने मान हलवली, हाळी दिली आणि मेंढरे तारेच्या कडेकडेने पुढे निघाली. तारेतून जेवढे गवत बाहेर वाकले होते तेवढे खात.